सात वर्षांचा खाडा आणि विमेन सायंटिस्ट स्कीम

सासूबाईंना अर्धांगवायू झाला तेव्हा मी द्राक्षावरच्या केवडा या रोगावर संशोधन करत होते. लेक दीड वर्षाची. नोकरी सोडली आणि बघता बघता सात वर्षं गेली. नाशिकमध्ये राहून द्राक्षाचा रोग फक्त बाजारातल्या घडावर बघायचा, हे काही बरं नव्हे!

केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची विमेन सायंटिस्ट स्कीम ही योजना 2002-03 पासूनची. मी अर्ज केला तेव्हा वयाची अट 27 ते 57 होती. कामात खंड पडलाय हे इथे लपवावं लागत नाही, उलट असा खंड पडलेल्या बायकांना संशोधनात परत आणण्यासाठीच ती आहे. तीन वर्षं मानधन आणि रसायनं, प्रवास, छोटी उपकरणं यांचा खर्च मिळायचा. मुलाखतीआधी मी सात वर्षांतले पेपर वाचून काढले, रात्री अकरानंतर, सासूबाईंची कूस बदलून झाल्यावर.

एक गोष्ट जड जाते. काम करायला संस्था आपणच शोधायची. एका कॉलेजात संमतिपत्रासाठी पाच चकरा मारल्या. "मॅडम, घरचं सगळं सांभाळून जमेल ना?" असं विचारणाऱ्या साहेबांना नोटिसा काढताही जमत नव्हत्या. दुसरीकडे मिळालं.

आता नाव वाइज-किरण झालंय, उपयोजनाही वेगळ्या आहेत, तेव्हा ताजी जाहिरात नीट वाचा. माझ्याकडून साडेचार तारे. अर्धा त्या पाच चकरांचा कापला.

काल निफाडहून पानं आणली. मागच्या बाजूला पांढरी बुरशी, अगदी ओळखीची.