बुनाकेनच्या डाइव्ह रिसॉर्टच्या नावाखाली आमचे २,६६,४१५ रुपये गेले

इंडोनेशियात डायव्हिंगला जायचा बेत असेल आणि रिसॉर्टला इथूनच पैसे पाठवायचे असतील, तर आधी हे वाचा. आमचे २,६६,४१५ रुपये गेले. आधी १,३४,८७०, मग १,०७,९३०, मग २३,६१५. त्यातले निम्मे माझ्या नणंदेच्या घरचे होते, आणि सगळेच्या सगळे गेले माझ्या खात्यातून, कारण ‘बुकिंगचं तू बघ’ म्हणून सगळ्यांनी माझ्यावर सोपवलं होतं. नवरा म्हणतो, झालं ते झालं, कशाला चारचौघांत सांगायचं. मी सांगणार. फसलेली माणसं लाजेपायी गप्प बसतात, म्हणून तर या लोकांचं फावतं.

‘एवढी शिकलीसवरलेली बाई, तुला कसं कळलं नाही?’ हे घरी, बँकेत, पोलीस ठाण्यात, सगळीकडे ऐकून झालंय. मी अकाउंट्समध्ये काम करते. समोर आलेलं बिल जीएसटी नंबरापासून तपासल्याशिवाय पुढे सरकवत नाही. या रिसॉर्टचंही मी तपासलं होतं. त्या नावाचा रिसॉर्ट बुनाकेन बेटावर खरोखर आहे, चांगला आहे, त्याचे रिव्ह्यूही खरे आहेत. खोटी होती ती फक्त वेबसाइट. सर्च केल्यावर जाहिरात म्हणून ती सगळ्यात वर आली. पत्त्यात एक अक्षर जास्त होतं आणि मोबाइलच्या स्क्रीनवर ते डोळ्यांत भरतही नाही. खऱ्या साइटवरचे फोटो, खोल्या, जेवणाचा मेन्यू, सगळं जसंच्या तसं उचललेलं. व्हॉट्सअ‍ॅपचा नंबर मात्र त्यांचा स्वतःचा. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.

बुनाकेन का, तर आम्ही चौघंही बालीच्या गर्दीला कंटाळलेले. राजा अम्पातचं मनात होतं, पण तिथे आधी सोरोंगपर्यंत विमान, मग वैसाईपर्यंत फेरी, वर परवान्याचे पैसे, सगळंच महाग. बुनाकेनला सिंगापूरहून सुलावेसी बेटावरच्या मानाडोचं थेट विमान मिळतं आणि तिथून बोटीने तासाभरात बेटावर. १९९१मध्ये झालेलं राष्ट्रीय सागरी उद्यान, प्रवाळाच्या उभ्या भिंती, मोठाली कासवं. तारकर्लीला पहिल्यांदा पाण्याखाली डोकं घातलं, मग नेत्राणीला ओपन वॉटर हा डायव्हिंगचा पहिला कोर्स केला, तेव्हापासून माझ्या डोक्यात बुनाकेन होतं. मे महिना ठरला.

पॅकेज होतं माणशी १ कोटी २४ लाख रुपिया. शून्यांना घाबरू नका, आपल्या हिशेबात साधारण ६६ हजार रुपये. सहा रात्री, दहा डाइव्ह, तिन्ही वेळचं जेवण. तिथल्या इतर रिसॉर्टांच्या दराशी ताडून पाहिलं तर ना स्वस्त, ना महाग. ‘अर्ध्या किमतीत मिळतंय तर संशय घ्या’ असं सगळे सांगतात ना? इथे संशय घ्यावा असा भावच नव्हता. हे लोक आता भाव बरोबर बाजाराचाच लावतात.

आधी निम्मी रक्कम. पंधरा दिवसांनी निरोप आला, उरलेली आठवड्याच्या आत भरलीत तर एकूण पॅकेजवर दहा टक्के सूट. तीही भरली. निघायच्या जरा आधी पार्कची फी, विमानतळावरून स्पीडबोट आणि चौघांचा डाइव्ह इन्शुरन्स म्हणून ४२ लाख रुपिया मागितले. तेही दिले. डाइव्हचा विमा रिसॉर्टच्या हातात कधीही देऊ नका, स्वतःच्या नावाने स्वतः काढा. विमा भरल्याची पावती आम्हाला मिळालीच नाही. मागितली तेव्हा बुकिंग घेणारी बाई ‘चेक-इनच्या वेळी देऊ’ म्हणाली.

खातं कंपनीच्या नावाचं नव्हतं, एका माणसाच्या नावाचं होतं. ते मला दिसलं आणि मी विचारलंही. रिझर्व्हेशन मॅनेजर म्हणवणाऱ्या त्या बाईचं उत्तर तयार होतं: कंपनीचं खातं टॅक्सच्या तपासणीत अडकलंय, म्हणून मालकाच्या बायकोच्या खात्यात घेतोय. आता सांगा, यात अशक्य काय आहे? इंडोनेशियाच्या लहान बेटांवर कित्येक होमस्टे घरच्या माणसाच्या खात्यावर किंवा रोखीनेच पैसे घेतात. आपल्याकडे मालवणात खोली बुक करताना मालकाच्या मुलाच्या नंबरवर पैसे टाकतोच की आपण. तरीही, आज माझं ऐका. खाजगी नावाचं खातं दिसलं की थांबा. नोंदलेल्या कंपनीच्या नावाआधी तिथे ‘पीटी’ लागतं, आणि धंद्याचा नोंदणी क्रमांक असतो, त्याला ते एनआयबी म्हणतात. तो मागा. द्यायला का-कू केली की संपलं.

पण मला सगळ्यात जास्त चीड येते ती या खात्याची नाही. त्या बाईने आम्हाला आमच्याबद्दल एक शब्द विचारला नाही, त्याची. ज्यांनी कधी डायव्हिंग केलंय त्यांना कळेल मी काय म्हणतेय. कुठलाही धड डाइव्ह सेंटरवाला पैशाच्या आधी विचारतो: डायव्हिंगचं कार्ड कुठलं, ओपन वॉटर की अ‍ॅडव्हान्स्ड, नंबर पाठवा, शेवटचा डाइव्ह कधी केलात, दमा-बीपी काही आहे का, मेडिकल फॉर्म भरा, उंची, वजन, पायाचा नंबर. पायाचा नंबर कळल्याशिवाय फिन, म्हणजे पोहायचे पंखे, काढून ठेवणार कसे? आमच्यातले तिघं ओपन वॉटरवाले, म्हणजे १८ मीटरच्या खाली जायचं नाही. बुनाकेनच्या भिंती खोल खोल उतरत जातात आणि प्रवाह जोराचे असतात, तिथे कोण किती तयारीचा आहे हे विचारल्याशिवाय गाइड नेमताच येत नाही. मी स्वतःहून विचारलं, नायट्रॉक्स, म्हणजे जास्त ऑक्सिजनवाली हवा, आहे का? म्हणाली, आहे, सगळ्या पाहुण्यांना फुकट. नायट्रॉक्सचं वेगळं कार्ड लागतं, आणि ते कोणाकोणाकडे आहे हे तिने विचारलंच नाही. ते उत्तर मी आनंदाने घरच्या ग्रुपवर टाकलं होतं. तो मेसेज अजून आहे तिथे. रात्री झोप लागत नाही तेव्हा तोच उघडला जातो.

आणि तो फोटो. तिने पाठवलेल्या पीडीएफमध्ये ‘आमचा हाउस रीफ’, म्हणजे रिसॉर्टच्या समोरचाच प्रवाळ, म्हणून एक फोटो होता. काळी रेती, त्यात गंजलेल्या लोखंडाच्या बरगड्या, त्यांवर पंख्यासारखे प्रवाळ. भावजी, म्हणजे नणंदेचे यजमान, बालीला डाइव्ह करून आलेले. ते बघताच म्हणाले, “अगं, हे तुलांबेनचं लिबर्टी आहे.” बरोबर होतं त्यांचं. अमेरिकेचं मालवाहू जहाज, जानेवारी १९४२मध्ये जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने निकामी झालं, बालीच्या किनाऱ्यावर ओढून आणलं आणि १९६३मध्ये आगुंग ज्वालामुखीचा उद्रेक झाला तेव्हा सरकून पाण्यात गेलं. बालीतलं जहाज सुलावेसीच्या हाउस रीफवर येईल कुठून? मी तिला विचारलं. मिनिटभरात उत्तर: बालीला आमचा दुसरा रिसॉर्ट आहे, फोटो चुकून लागला, सॉरी मॅम. पुढच्या पाच मिनिटांत दुरुस्त पीडीएफ आली, त्यात कासव. त्या वेळी पहिला हप्तासुद्धा गेला नव्हता. एक पैसा गेला नव्हता! पण इतक्या तत्परतेने चूक सुधारणाऱ्या माणसावर कोण अविश्वास दाखवेल? भावजींनाही ते पटलं होतं, हे मी इथे मुद्दाम लिहितेय.

मानाडोला उतरलो. माणशी ५ लाख रुपिया देऊन व्हिसा घेतला आणि बाहेर आलो तर नावाची पाटी घेऊन कोणी उभं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर एकच टिक. टॅक्सीने धक्क्यावर गेलो, बोट केली, रिसॉर्टवर पोचलो. तिथल्या माणसाने वही उघडून आमची नावं शोधली, मग आमच्या फोनमधली पावती बघितली आणि वही मिटली. पावतीवर लोगो त्यांचाच होता. खोल्या भरलेल्या. त्याच साइटवरून बुकिंग केलेलं एक जोडपं आमच्याआधी असंच येऊन गेलं होतं म्हणे. मग तुम्ही स्वतःच्या साइटवर मोठ्या अक्षरांत इशारा का टाकला नाही? मी विचारलं. त्यावर माफी मागितली, चहा दिला. इशारा आजही नाही. शेजारच्या होमस्टेत रोख पैसे देऊन राहिलो, थोडे डाइव्ह केले. कासवं दिसली. त्याबद्दल लिहायला मन होत नाही.

तिथल्या पोलीस ठाण्यात गेलो. माणसं सभ्य होती, फॉर्म त्यांच्या भाषेत होता, भाषांतराच्या अ‍ॅपवर दोन तास गेले. शेवटी काय, तर पैसे भारतातून गेलेत, खातं दुसऱ्या बेटावरच्या शाखेतलं आहे, तुम्ही तुमच्या देशात तक्रार करा. आपल्या देशात आलो तर ठाण्यातले म्हणतात, गुन्हा तिकडे घडलाय, तिकडे तक्रार करायला हवी होती. अहो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २०२ काय सांगतं? फसवणूक इलेक्ट्रॉनिक संदेशांतून झाली असेल तर संदेश जिथून निघाला किंवा जिथे मिळाला तिथल्या कोर्टात खटला चालतो. मला तो संदेश माझ्या स्वयंपाकघरात मिळाला. आणि कलम १७३ प्रमाणे हद्दीचं कारण सांगून एफआयआर नाकारता येत नाही. हे मी, एक अकाउंट्सवाली बाई, पोलिसांना वाचून दाखवायचं? मग चॅटचे रंगीत प्रिंट आणा. आणले. आता चॅटच्या पुराव्यासाठी साक्ष अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र आणा. आणलं. साहेब बंदोबस्ताला गेलेत. साहेब आले, कागद वरवर चाळले आणि म्हणाले, “मॅडम, फिरायलाच गेला होतात ना?” म्हणजे फिरायला जाणाऱ्याचे पैसे चोरायला मोकळीक आहे का? दवाखान्यासाठी पाठवलेले असते तरच तो गुन्हा? भारतीय न्याय संहितेचं ३१८(४) आणि आयटी कायद्याचं ६६डी, दोन्ही कलमं माझ्या अर्जात लिहिलेली आहेत. एफआयआर अजून नाही, नुसता अर्जावर शिक्का.

बँकेचं तर विचारूच नका. “ओटीपी तुम्हीच टाकलात ना?” एवढं एकच वाक्य. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७चं परिपत्रक घेऊन गेले होते, तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, वगैरे. ते म्हणे फक्त ‘अनधिकृत’ व्यवहारांना. म्हणजे चोराने माझा फोन हॅक केला तर मी पीडित, आणि चोराने खोटं बोलून माझ्याच हाताने पैसे काढून घेतले तर ते अधिकृत! पैसे परत मागवण्याची विनंती पाठवायचे १,१८० रुपये घेतले, जीएसटीसह. उत्तर आलं एका ओळीचं: खातेदाराची संमती नाही. चोराची संमती विचारायला माझ्याकडून १,१८० रुपये. आपल्याकडे एनईएफटी-आरटीजीएसला खातेदाराचं नाव आधी दिसण्याची सोय रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२५पर्यंत बँकांना करायला लावली, मग परदेशी पैसे पाठवताना असा पडताळा का नाही? बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. मी गेले आहे. तुम्हीही शाखेत हेलपाटे घालत बसू नका, पहिल्या दिवशीच लेखी तक्रार द्या म्हणजे तीस दिवस लगेच सुरू होतात.

भावजी आजवर एका शब्दाने बोलले नाहीत. सासूबाई बोलतात, आल्यागेल्यासमोर बोलतात. १,३३,००० मी भावजींना हप्त्याहप्त्याने परत करते आहे. ते नको म्हणतात, तरी मी करणारच.

रिसॉर्ट ठरवताना साइटवरचा नंबर वापरू नका. पाडी किंवा एसएसआय या डायव्हिंगची कार्डं देणाऱ्या संस्थांच्या अधिकृत यादीत त्या डाइव्ह सेंटरचं नाव शोधा, तिथे जी साइट आणि जो फोन दिलाय त्यावरच बोला. व्हिडिओ कॉल करून बोट आणि टाक्यांत हवा भरायचा कॉम्प्रेसर दाखवायला सांगा, नुसता समुद्र नको. मानाडोत रिकॉम्प्रेशन चेंबर, म्हणजे डायव्हिंगमध्ये त्रास झालेल्यांवर उपचाराची दाबाची खोली, कुठे आहे ते विचारा, तिथल्या खऱ्या माणसाला ते माहीत असतंच. आगाऊ रक्कम क्रेडिट कार्डाने भरा, दोन-तीन टक्के जास्त गेले तरी चालतील, निदान चार्जबॅक, म्हणजे कार्डाच्या बँकेकडून पैसे परत, मागता येतो.

खोटी साइट काल रात्रीपर्यंत चालू होती. बुनाकेनच्या बरोबरीने आता त्यावर कोमोडोच्या लिव्हअबोर्डचंही, म्हणजे बोटीवरच राहून डाइव्ह करायचं, पॅकेज लागलंय, जुलै-ऑगस्टच्या तारखा, दहा टक्के सूट. कोणी गेल्या दोन-चार दिवसांत तिथे पैसे भरले असतील तर आधी बँकेत जाऊन व्यवहार थांबवायला सांगा, परदेशी रक्कम पोचायला एक-दोन दिवस लागू शकतात. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला बँकेच्या रांगेत उभ्या उभ्याच फोन लावा आणि तक्रारीचा क्रमांक घेतल्याशिवाय तो ठेवू नका.