येशू होऊन गेला का? दोन बाजू आणि एक भाऊ

येशू देवाचा पुत्र होता का, पाण्यावरून चालला का, हे इथं बाजूला ठेवू. पहिल्या शतकात गालीलात (आजच्या इस्रायलच्या उत्तर भागात) या नावाचा हाडामांसाचा माणूस होता की नव्हता, एवढंच ठरवायचंय.

'नव्हताच' हा पक्ष एकोणिसाव्या शतकातल्या ब्रूनो बाउअर या जर्मन अभ्यासकापासून चालत आलाय. आज अमेरिकी इतिहासकार रिचर्ड कॅरियर तो नेटाने मांडतात. त्यांचा सगळ्यात जोरकस घाव बसतो जोसेफसवर. या यहुदी इतिहासकाराच्या इ.स. ९३-९४च्या ग्रंथात, अठराव्या खंडात, 'तो ख्रिस्त होता' असं सरळ लिहिलेलं सापडतं. धर्मनिष्ठ यहुदी असं कशाला लिहील? नंतर कुणा ख्रिस्ती नकलकाराने हात मारलाय, हे बहुतेक अभ्यासकही मानतात. मात्र मुळात काहीतरी उल्लेख होता, असं त्यांतल्या बऱ्याच जणांचं मत.

रोमन इतिहासकार टॅसिटसची साक्ष मला अर्धीच वाटते. रोमन अधिकारी पिलाताने ख्रिस्ताला मृत्युदंड दिला, असं तो लिहितो खरा, पण इ.स. ११६च्या सुमारास; ऐकीव असू शकतं. फ्लॉरेन्समधल्या अकराव्या शतकातल्या हस्तलिखितात तर 'ख्रेस्तियानोस' (ख्रिस्ती लोक) या शब्दातला 'ए' खरवडून 'आय' केलेला दिसतो. उतारा बनावट म्हणावा, तर त्यात ख्रिस्ती पंथाला 'घातक अंधश्रद्धा' म्हटलंय. स्वतःला शिव्या घालणारी भर कोण घालेल?

'समकालीन नोंद एकही नाही' हे खरंच. पण दहा वर्षं यहुदियाचा कारभार पाहणाऱ्या पिलाताचंही नाव कोरलेला दगड कैसरियात मिळायला १९६१ साल उजाडलं. गालीलातल्या सुताराची नोंद कोण ठेवणार!

आता 'होता' म्हणणारे. यांत बायबलचे अभ्यासक बार्ट अर्मन यांच्यासारखे श्रद्धा नसलेलेही आहेत. त्यांचा एक मुद्दा मला फार पटतो: नासरेथ. मसीहा, म्हणजे यहुदी ज्याची वाट पाहत होते तो तारणहार, बेथलेहेमचा हवा, अशी अपेक्षा होती. शुभवर्तमानं लिहिणारे मत्तय आणि लूक दोघंही येशूचा जन्म तिथं नेतात, पण दोघांच्या वाटा वेगळ्या आणि एकमेकींशी न जुळणाऱ्या. माणूस कल्पनेतलाच असता, तर त्याला थेट बेथलेहेमकर करून मोकळे झाले असते. आडगावच्या नासरेथचं लोढणं गळ्यात कशाला?

आणि पौल, सुरुवातीचा ख्रिस्ती प्रचारक. गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की, यरुशलेमला केफाकडे (म्हणजे येशूचा शिष्य पेत्राकडे) पंधरा दिवस राहिलो, शिवाय भेटला तो फक्त 'प्रभूचा भाऊ याकोब'. कॅरियर म्हणतात, भाऊ म्हणजे धर्मबंधू. मग केफा काय परका होता? त्याला तिथं ही उपाधी का नाही? शिवाय जोसेफसच्या विसाव्या खंडात इ.स. ६२ मध्ये दगडमाराची शिक्षा झालेला याकोब येतो, 'ख्रिस्त म्हटल्या जाणाऱ्या येशूचा भाऊ'. यावर उत्तर असं की, ते शब्द हस्तलिखिताच्या समासातल्या टिपेतून मजकुरात घुसले. म्हणजे एका भावाला हटवायला दोन वेगळी ठिगळं. माझं मत इथंच 'होता'कडे झुकलं.

स्वतः पडताळायचं असेल तर गलतीकरांस पत्र, पहिला अध्याय, वचनं १८ आणि १९. दोन मिनिटांचं वाचन आहे.