दोन टप्प्यांचा स्नोब्लोअर: कुणी घ्यावा?
स्नोब्लोअर म्हणजे साचलेला बर्फ उचलून लांब फेकणारं यंत्र. एका टप्प्याच्या यंत्रात एकच पातं बर्फ ओढतं आणि फेकतं; दोन टप्प्यांच्या यंत्रात पातं ओढतं आणि मागचा पंखा फेकतो. वीतभर भुसभुशीत बर्फ आणि फरसबंद अंगण एवढंच असेल, तर एका टप्प्याचं हलकं यंत्र पुरे. खडीवर मात्र ते नकोच. त्याचं पातं जमिनीला घासतं आणि खडे उडतात. तिथे दोन टप्प्यांचंच घ्या, खालचे स्किड शू (पातं जमिनीपासून वर ठेवणारे टेकू) असे लावा की पातं २-३ सेंमी उंच राहील. रस्त्याकडेला बर्फ हटवणाऱ्या नांगरगाडीने लोटलेला घट्ट ढीगही तेच फोडतं. ओला बर्फ तो बाहेर फेकणाऱ्या नळीत अडकतोच: इंजिन बंद करून काठीनेच काढा, पट्ट्यातल्या ताणाने पातं तरीही फिरू शकतं. शिअर पिन (धक्का बसला की आधी स्वतः तुटून यंत्र वाचवणारी मऊ पिन) तुटली तर साधा बोल्ट घालू नका, पुढच्या धक्क्याला गिअरबॉक्स जाईल. पिना जास्तीच्या ठेवा.