डबल हुकचा सेफ्टी बेल्ट: बंगल्याच्या कामावर कितपत उपयोगी?

सांगली-मिरजेच्या हार्डवेअर दुकानांत ‘डबल हुक, शॉक अॅब्सॉर्बरवाला’ म्हणून मिळणारा फुल बॉडी बेल्ट माल म्हणून चांगला आहे. घेताना लेबलवर आयएस ३५२१ (सेफ्टी बेल्टचं भारतीय मानक) आणि उत्पादनाचं वर्ष बघा. लेबलच नसेल तर फुकटातसुद्धा नको. शिवण पट्ट्यापेक्षा वेगळ्या रंगाच्या धाग्याची असावी, म्हणजे उसवलेला टाका लगेच दिसतो. नुसता कंबरपट्टा घेऊच नका, पडल्यावर सगळा झटका पोटावर आणि मणक्यावर येतो.

अडचण आहे ती उंचीची. बेल्टची दोरी १.८ मीटर, झटक्याने उलगडून तो शोषणारा शॉक अॅब्सॉर्बर जास्तीत जास्त १.७५, पाठीवरच्या डी-रिंगपासून (दोरी जोडायच्या कडीपासून) तळपायापर्यंत दीड आणि हातचा राखलेला एक मीटर. म्हणजे हुक जिथे अडकवला तिथून खाली ६ मीटर मोकळे हवेत. आपल्याकडच्या बंगल्याचा पहिला स्लॅब १० फुटांवर, जेमतेम ३ मीटर. पायाशी हुक लावून काठावर काम करणारा सेंट्रिंगवाला घसरला तर दोरी ताणायच्या आधीच त्याचे पाय जमिनीला लागतात! तिथे कठडाच पाहिजे: एक मीटरवर पाइप, मध्ये दुसरा, खाली फळी. नाहीतर दोरी इतकी आखूड ठेवा की माणूस काठापर्यंत पोचणारच नाही. बेल्टचे पैसे वसूल होतात ते वरच्या मजल्यांच्या बाहेरच्या गिलाव्याला, तेही हुक डोक्याच्या वर असेल तर.

हुक कशात अडकवायचा, हा दुसरा घोळ. मोठा हुक ४० एनबी मापाच्या पाइपवर, म्हणजे ४८.३ मिमी व्यासावर नीट बसतो. बांबूच्या परांचीवर त्याचं तोंडच पुरत नाही, मग दोरीला गाठी मारल्या जातात आणि गाठीपाशी दोरीची ताकद घटते. शिवाय शॉक अॅब्सॉर्बर असूनही सहाशे किलोपर्यंतचा झटका बांबू आणि सुंभ कुठून सोसणार? पक्क्या झालेल्या कॉलमला स्लिंग (मजबूत पट्टा) गुंडाळून त्यात हुक लावा.

मांडीचे पट्टे गवंडी हमखास ढिले सोडतात. तळहात सपाट जाईल, मूठ जाणार नाही, इतके आवळा. सिमेंटचं पाणी पॉलिएस्टर खातं, म्हणून संध्याकाळी साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. एकदा पडणारा माणूस बेल्टवर अडकला की तो बेल्ट बाद. कापूनच टाका, कोपऱ्यात ठेवलात तर पुढच्या स्लॅबला कुणीतरी घालतोच.