पिकअप बदलल्यावर ‘सेटिंग’साठी पैसे मागितले, तर आधी मल्टिमीटर लावा

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत सतारीची जवारी काढून देणारे पिढीजात कारागीर आहेत. इलेक्ट्रिक गिटारचं काम करणारे मात्र सांगली-मिरजेत मोजकेच, त्यामुळे जो सापडेल त्याच्यावर विसंबावं लागतं. अशाच एका रिपेअरवाल्यानं मला लुबाडलं.

गणपतीतल्या ऑर्केस्ट्राच्या तारखा तोंडावर होत्या. गिटारच्या ब्रिजजवळचा (तारा टेकतात त्या घोडीजवळचा) हंबकर, म्हणजे तारांची थरथर विजेत बदलणारा दोन कॉइलचा पिकअप, बदलायला त्यानं 6,500 रुपये घेतले. अल्निको 5 या मिश्रधातूचा चुंबक, रोध साधारण 8 किलोओहम, इम्पोर्टेड, असं त्यानं सांगितलं. जुना पिकअप ठेवून घेतला. बिल मागितलं तर ‘मागाहून देतो’. घरी गिटार अँपला लावली तर आवाज पडलेला आणि वर सारखी गुणगुण. फोनवर त्याचं उत्तर तयार होतं, ‘दादा, पिकअप बदलला की सेटिंग बदलतंच. प्रोसेसर घेऊन या, पॅचमागे 300 रुपये.’ (प्रोसेसर म्हणजे गिटारच्या आवाजाला इफेक्ट देणारं यंत्र, पॅच म्हणजे त्यात साठवलेली एकेक सेटिंग.)

हे अर्धसत्य आहे आणि म्हणूनच ते पचतं. पिकअप जोरकस असेल तर ड्राइव्हचा (आवाज फाटका करणाऱ्या इफेक्टचा) गेन उतरवावा लागतो, कॉम्प्रेसरचा (आवाजाचे चढउतार दाबणाऱ्या इफेक्टचा) थ्रेशोल्ड वर न्यावा लागतो. मवाळ असेल तर उलट. नॉइज गेट (हळू आवाज आला की तो बंद करणारा इफेक्ट) तर पुन्हा लावावाच लागतो, नाहीतर लांबवलेला सूर मधेच तुटतो. पण डिले (प्रतिध्वनी) आणि रिव्हर्बला (घुमारा) हात लावायची गरज सहसा पडत नाही. हा माणूस त्या पॅचचेही पैसे लावत होता. आणि गुणगुण? ती घालवण्यासाठीच तर हंबकर जन्माला आला. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी 1955 साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, तो दोन उलट जोडलेल्या कॉइलनी विजेची घरघर मारण्याच्या युक्तीसाठी. नवा हंबकर गुणगुणत असेल तर आधी जोडणीवर शंका घ्या, पॅचवर नाही.

मी प्रोसेसर बाजूला ठेवला. गिटारला केबल लावली, व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण उघडे, सिलेक्टर ब्रिजवर. केबलच्या मोकळ्या जॅकचं टोक आणि दांडा यांवर मल्टिमीटर (विजेचा रोध मोजणारा मीटर) 20 किलोओहमच्या रेंजला धरला. आकडा आला 4.1. (बॅटरीवाल्या ॲक्टिव्ह पिकअपला ही मोजणी चालत नाही.) उन्हात तांब्याचा रोध वाढतो, मे महिन्यात 8 चा साडेआठ दिसला तर ती फसवणूक नव्हे. निम्मा दिसला, तर एकच कॉइल चालू आहे. अँप हळू ठेवून स्क्रूड्रायव्हरनं पिकअपच्या दोन्ही रांगांतले पोल, म्हणजे तारांखालचे धातूचे ठिपके, ठोकले. एक रांग बोलली, दुसरी जवळपास मुकी.

पिकअप उघडला तेव्हा सगळंच बाहेर आलं. एका कॉइलची तार तुटलेली आणि ती कॉइल सरळ वगळून जोडणी केलेली. चुंबकही अल्निको नव्हता. अल्निको धातू आहे, त्यातून वीज जाते, मीटर बीप देतो. हा काळपट सिरॅमिक, मीटर गप्प. म्हणजे मेलेला पिकअप विकायचा आणि त्याचं मरण झाकायला वर सेटिंगचे पैसे घ्यायचे, असा हा धंदा.

जाब विचारला तर म्हणाला, ‘तुम्ही उघडलात, आता माझी जबाबदारी नाही.’ त्यामुळे पिकअप बसवून झाला की त्याच्याच टेबलावर रीडिंग घ्या, पिकअपचं नाव आणि आकडा बिलावर लिहून घ्या, जुना पिकअप परत मागा, आणि गिटार आधी प्रोसेसरशिवाय थेट अँपला लावून ऐका. ऑनलाइन पैसे दिल्याची पावती माझ्याकडे आहे. तिच्या आधारे 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. जुना पिकअप अजून त्याच्याकडेच आहे. त्याच्या पाठीवर निळ्या मार्करनं ‘ब्रिज’ असं देवनागरीत लिहिलेलं आहे. कुणाला विकायला आला तर घेऊ नका, मला कळवा.