दीड किलोचे दोन पक्षी की तीन किलोचा एक?

काट्यावर दोन्हीकडे तीन किलोच भरतात. फरक पडतो तो ड्रेसिंगनंतर, म्हणजे पक्षी कापून साफ केल्यावर. दीड किलोच्या ब्रॉयलरचा (मांसासाठी वाढवलेल्या कोंबडीचा) ड्रेसिंग उतारा, म्हणजे जिवंत वजनापैकी साफ केल्यावर उरणारा भाग, साधारण ७० टक्क्यांच्या आसपास असतो, तीन किलोच्याचा त्याहून तीन-चार टक्के जास्त. कारण पिसं, डोकं, पाय आणि आतडी वजनाच्या वेगाने वाढत नाहीत.

पिल्लू पहिल्या आठवड्यात आधी आपली चूल मांडतं: यकृत, आतडी आणि पेटा (दाणे भरडणारं जठर) शरीरापेक्षा वेगाने वाढतात. एकदा पचनाची सोय झाली की भर पडते छातीच्या मांसात. म्हणून तीन किलोच्या पक्ष्यात ब्रेस्ट नुसतं दुप्पट नसतं, त्याहून जास्त असतं. बोनलेस विकायचं असेल तर इथेच निर्णय झाला म्हणा. मांडी-तंगडीचा वाटा मात्र फारसा हलत नाही, पंखांचा किंचित घटतो.

कलेजी-पेट्याचं गणित उलटं आहे. मोठ्या पक्ष्याची कलेजी ग्रॅममध्ये मोठीच असते, पण टक्क्यांत लहान. यकृत जिवंत वजनाच्या साधारण दोन टक्के आणि हृदय जेमतेम अर्धा टक्का असतं, आणि पक्षी वाढतो तसा दोन्हींचा वाटा उतरतो. म्हणजे दोन लहान पक्ष्यांची कलेजी एकत्र तोलली तर एका मोठ्यापेक्षा जास्त भरते. पेट्याचा अंदाज मात्र वजनावरून बांधू नये. भरड किंवा अख्खं धान्य खाल्लेल्या पक्ष्याचा पेटा त्याच वजनाच्या, बारीक दळलेल्या खाद्यावरच्या पक्ष्यापेक्षा जड निघतो.

पोटातली चरबी हा मोठ्या पक्ष्याचा तोटा. वयाबरोबर ती वाढते आणि सारख्या वजनाच्या नर-मादीत मादीकडे जास्त असते. मोठा पक्षीच हवा असेल तर नर घ्यावा, असं माझं मत.

पाळणाऱ्याला आणखी एक गोष्ट बघावी लागते. छाती पुढे पळते आणि हृदय-फुप्फुसं मागे राहतात. भरभर वाढणाऱ्या पक्ष्यांत जलोदराची (पोटात पाणी साठण्याची) मरतुक होते त्यामागे हेही एक कारण आहे. जड पक्ष्यांच्या ब्रेस्टवर पांढऱ्या रेषा किंवा लाकडासारखा कडकपणाही जास्त आढळतो. शिवाय एफसीआर, म्हणजे एक किलो वजन वाढायला लागणारं खाद्य, शेवटच्या दिवसांत वाढत जातो. शेवटचा किलो पहिल्या किलोइतका स्वस्त पडत नाही.

अख्खा पक्षी, सारख्या आकाराचे लेग पीस किंवा कलेजी-पेटा विकायचा असेल तर दीड किलोचेच घ्या. तुलना करताना दोन्ही गटांना कापण्याआधी सारखाच वेळ, आठ ते बारा तास, उपाशी ठेवा. भरल्या पोटी तोललेला पक्षी काट्यावर जड दिसतो आणि ड्रेसिंगला कमी उतरतो.