पल्सऑडिओ की पाइपवायर?

लिनक्सवर आवाज गेला की आधी अल्सामिक्सर (टर्मिनलमधून आवाज कमीजास्त करायचा प्रोग्राम) उघडून बघा, तिथे एमएम दिसलं तर चॅनल म्यूट आहे, एम दाबा, बरेचदा एवढंच असतं आणि आपण उगाच साउंड कार्डाला शिव्या घालत बसतो. तेवढ्याने भागलं नाही तर साउंड सर्व्हर बघा, म्हणजे प्रोग्रामांचा आवाज कार्डापर्यंत पोचवणारं सॉफ्टवेअर, पल्सऑडिओ किंवा पाइपवायर. पल्सऑडिओ जुनं, उबंटू या लिनक्समध्ये 2008 ला आलं, त्यामुळे नेटवरचे जुने उपाय बहुतेक त्याचेच, पण रेकॉर्डिंगला जॅक (हेडफोनची पिन नव्हे, रेकॉर्डिंगसाठीचा वेगळा साउंड सर्व्हर) लागलं की दोघांची कार्डावरून भांडणं. पाइपवायर दोघांचं काम एकटंच सांभाळतं, फेडोरा या लिनक्सच्या 34 व्या आवृत्तीत 2021 ला डीफॉल्ट झालं, उबंटूत 22.10 पासून. मी तरी हेच ठेवतो, पण जुन्या मशीनवर पल्स नीट चालत असेल तर कशाला हात लावता! पाइपवायर अडकलं तर वायरप्लंबरसकट (पाइपवायरची जोडणी सांभाळणारा त्याचा जोडीदार प्रोग्राम) रीस्टार्ट करा, आणि सुडो (अ‍ॅडमिनच्या हक्काने कमांड चालवणं) नको हां, त्या युजरच्या सर्व्हिस असतात.